सोळाव्या वर्षाची धरसोड

नमस्कार मंडळी! आज कॅमेरा आंजर्ल्याच्या खाडीशी आणलाय. मागे बघा, हर्णैच्या होड्या. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून इथे आसऱ्याला आल्यात. त्यातल्या एका होडीवर माझा सोळा वर्षांचा भाचा जाळं दुरुस्त करतोय. नायलॉनची गाठ दाताने आवळतो, की लगेच पुढची.

गणपतीत मुंबईचे काका येतात आणि विचारतात, "काय रे, पुढे काय?" तो म्हणतो, "ठरलं नाही." जाखडीत, म्हणजे आपल्या कोकणातल्या नाच-गाण्यात, ढोलकी धरली, सोडली. मोबाइल दुरुस्ती शिकायला गेला, तीही सोडली. घरात त्याला शब्दच पडलाय, धरसोड.

मला हा शब्द फार खुपतो. 'मी कोण' हे शोधणं हेच या वयाचं मुख्य काम, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलं. मोठेपणीच्या जबाबदाऱ्या अंगावर पडण्याआधी चाचपडायला मिळणाऱ्या सवलतीला ते मोरेटोरियम म्हणत. कर्जाचे हप्ते थांबतात ना, तोच शब्द. हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. जन्म १९०२ चा, जन्मदाता बाप कोण ते कधी कळलं नाही. शाळा संपल्यावर चित्रं काढत युरोपात भटकले, १९२७ मध्ये व्हिएन्नात शिक्षक झाले. एरिक्सन हे आडनावही त्यांनी मोठेपणी स्वतः घेतलं.

पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी दोन गोष्टी तपासल्या. पर्याय धुंडाळले का? आणि कशाला तरी बांधून घेतलं का? त्यातून चार अवस्था निघाल्या. कोणी शोधतही नाही, ठरवतही नाही. कोणाचा शोध चालू असतो. कोणी शोधून ठरवलेलं असतं. आणि कोणी न शोधताच ठरवून मोकळा झालेला असतो. बाबांची कलमांची बाग, म्हणून मी बागायतदार. दादा मुंबईला, म्हणून मीही. हा मुलगा घरात शहाणा ठरतो, आणि मला काळजी त्याचीच वाटते. बाग सांभाळण्यात वावगं काहीच नाही हो! पण चार गोष्टी बघून मग निवडली, तर ती त्याची होते. यासाठी सोळावं वर्ष ही काही शेवटची तारीख नाही, कित्येकांचं विशीतही चालू असतं.

परवा भाच्याला विचारलं, "ढोलकी का सोडलीस रे?"

"मावशी, वाजवण्यापेक्षा मला गाणी रचायला आवडतात."

वही काढून दाखवली. जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन बाजू एकमेकींना गाण्यातून घालतात ते सवाल, खाडाखोड करून करून लिहिलेले. मागच्या पानावर मोबाइलच्या बोर्डाची आकृती. घरात कोणीच ही वही पाहिली नव्हती.