घडी आधी उभी, मग आडवी

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. बुटांच्या खोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं रेघ मारणारे हात.)

शाळेतल्या मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची ही मतपेटी. फट सात सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद. याहून मोठी कापली की पहिलीतला हात सरळ आत जातो, आणि "बाई, चुकलं, परत घेते" म्हणत मत बाहेर येतं. खोक्याच्या आतल्या घड्या आधीच चिकटपट्टीनं बंद करायच्या. त्यातली एक इथे राहून गेली आहे. ती पुढे त्रास देणार आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ नवं नाही. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पोषण आहार मंत्री, क्रीडामंत्री. फळ्याशेजारी तक्ता टांगलेला असतो, आणि पुष्कळदा तो वर्गातली हुशार नावं घालून शिक्षकांनीच भरलेला असतो. इथे जुलै महिन्यात तो मतदानानं भरतात. पहिली ते सातवी सगळे मतदार. मुख्यमंत्रिपदाला तिघं उभे आहेत.

(दृश्य: तीन टेबलं. पाटीवर खडूनं "मतदान अधिकारी क्र. १".)

त्या तिघांची भाषणं झाली, टाळ्याही पडल्या. पण शिकण्याची खरी जागा हे टेबल आहे. केंद्राध्यक्ष सातवीतली, तीन मतदान अधिकारी सहावीतले. शिवाय प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी भिंतीला टेकून बसलेला. मांडणी हुबेहूब खऱ्या केंद्राची, आणि तसं होणं साहजिक आहे. निवडणूक ड्यूटीचा आदेश आला की कपाळाला हात लावणारी शिक्षक मंडळीच ही मांडणी इतकी पाठ करून बसलेली असतात.

पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्यानं वाचतो. मोठ्यानं वाचायचं कारण प्रतिनिधी. त्यांच्या यादीवरही खूण झाली पाहिजे, आणि भलताच कुणी आला असेल तर हरकत तिथल्या तिथे घेता आली पाहिजे. हजेरीपटावर काम भागवू नये. त्यात शाळा सोडून गेलेल्यांची नावं राहतात, नव्यानं आलेल्यांची नसतात. यादी वेगळी करावी, दोन दिवस आधी दारावर लावावी, आणि ज्याचं नाव चुकलंय त्यानं स्वतः येऊन सांगावं. या यादीत दोन दुरुस्त्या आल्या. एक आडनावाची, दुसरी चक्क इयत्तेची.

दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीवर शाई लावतो, नखावर आणि लगतच्या कातडीवर मिळून. खरी शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ती शाळेसाठी नाही. इथे साधा मार्कर आहे, जेवणापूर्वी हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत टिकतो. सही याच टेबलावर. पहिली-दुसरीची पोरं नाव लिहितात, आणि रांग इथेच तुंबते.

(दृश्य: मतपत्रिका, अगदी जवळून. तीन ओळी: पेन्सिल, बादली, चेंडू.)

एका ए-फोर कागदाच्या चार मतपत्रिका होतात. डावीकडे नाव, उजवीकडे चिन्ह, मध्ये ठळक रेघ. पहिलीला अजून वाचता येत नाही, म्हणून चिन्ह. देशातही त्याच कारणानं चिन्हं आली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह डकवलेलं असे. शाळेनं एक पथ्य पाळावं: कुठल्याही पक्षाचं चिन्ह घेऊ नये. नाहीतर घरातला वाद वर्गात येतो.

तिसरा अधिकारी मतपत्रिका देतो आणि घडी करून दाखवतो. आधी उभी, मग आडवी.

(दृश्य: घडीचे हात. तीच कृती पुन्हा, सावकाश.)

ही घडी नीट बघा. शिक्का ओला असतो. आधी आडवी घडी घातली, तर पेन्सिलीवरची शाई खाली चेंडूवर उमटते. एका मतपत्रिकेवर दोन खुणा, मत बाद. उभी घडी घातली की शाई त्याच ओळीत, नावावर उमटते, म्हणजे मत त्याच उमेदवाराचं राहतं. दुसरी घडी पडेपर्यंत छापलेली बाजू आत गेलेली असते, मग आडवं दुमडलं तरी बिघडत नाही. खऱ्या कागदी मतदानाच्या शिक्क्यावरची बाणांची फुली एका दिशेनं वळलेली असते तीही याचसाठी. डाग उलटा उमटतो, आणि मूळ खूण कुठली ते मोजणाऱ्याला कळतं. इथला शिक्का खोडरबर कोरून केलेला आहे, गोल ठिपका. तो उलटसुलट सारखाच दिसतो. तेव्हा सगळी भिस्त घडीवर.

मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप मिळतं, बटण दाबलं की आवाजही येतो. मुलांना ते भारी आवडतं. पण मोजणी त्याच्या पोटात होते, आणि पोरांना दिसतो तो फक्त आकडा. आकडा कसा झाला हे शिकवायचं असेल तर कागद हवा.

(दृश्य: आदल्या दिवशीची रंगीत तालीम. पहिलीतला मुलगा तिन्ही चिन्हांवर शिक्का मारतो.)

तालमीत लहान वर्गांनी असे शिक्के बरेच मारले. तिघंही आपलेच, मग एकालाच कसं द्यायचं! खऱ्या केंद्रावरही मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान 50 मतांची तालीम होते, मग यंत्र पुसून मोहोरबंद करतात. शाळेत तालीम टाळली तर बाद मतांचा ढीग पहिली-दुसरीचाच निघतो.

मतदान कक्ष म्हणजे पुठ्ठ्याचे तीन पडदे. त्याची उघडी बाजू भिंतीकडे असावी. इथे सुरुवातीला ती खिडकीकडे होती आणि बाहेर चौथीचा वर्ग डोकावत होता. ते बादलीच्या प्रतिनिधीनं दाखवून दिलं. केंद्राध्यक्षांनी टेबल फिरवलं. शिक्षक दारापाशीच उभे राहिले, आणि त्यांनी तिथेच उभं राहावं.

(दृश्य: पेटी उघडते. चिठ्ठ्यांचा ढीग.)

मोजणीआधी ताळा. यादीवर सह्या 93. पेटीत मतपत्रिका 92.

पुन्हा मोजल्या, 92. एकात एक अडकली असेल म्हणून प्रत्येक घडी उघडून पाहिली, 92. कुणीतरी "एकच तर आहे" म्हणालं. केंद्राध्यक्षांनी मान डोलावली नाही. छापलेल्या 104, कोऱ्या उरलेल्या 11, म्हणजे दिलेल्या 93. हिशेब बरोबर होता, कागद नव्हता. शेवटी खोकं उलटं करून आपटलं, आणि न चिकटवलेल्या घडीतून 93वी खाली पडली.

मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, रबर लावून. शंकेची मतं बाजूला, तिन्ही प्रतिनिधींना दाखवून निर्णय. बाद चार. समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकायची. 2017 साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागाचा निकाल असाच लागला होता. इथे ती वेळ आली नाही. बादली 41, पेन्सिल 29, चेंडू 19.

(दृश्य: निकालपत्र. पहिली सही. दुसरी सही.)

मंत्रिमंडळ सोमवारपासून पाण्याच्या टाकीची आणि पोषण आहाराच्या चवीची नोंदवही ठेवेल. यादीतल्या मोठ्या मुलांना 18 पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं आहेत. पूर्वी 21 लागत, 1989 पासून 18. मतदार यादीत नाव घालायचा नमुना 6 चा अर्ज आगाऊ, 17 पूर्ण झाल्यावरच भरता येतो.

तिसरी सही चेंडूच्या प्रतिनिधीची. तो आधी बेरीज स्वतः करून बघतो आहे.

(दृश्य तसंच राहू द्यावं. निवेदन नाही.)