फाब्र : आडनाव लोहाराचं, लेखणी किड्यांसाठी

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे जसं लोहार आडनाव, तसं दक्षिण फ्रान्समध्ये फाब्र. मूळ लॅटिन 'फाबेर', म्हणजे कारागीर, पुढे लोहार. फोर, फाव्र ही त्याचीच भावंडं, उत्तरेकडे लफेव्र. या लफेव्रच्या स्पेलिंगमध्ये बरेचदा एक 'ब' दिसतो. तो जुन्या कारकुनांनी लॅटिनची आठवण म्हणून घुसडलेला, उच्चारायचा नाही.

या आडनावाचा खरा वाचण्यासारखा माणूस झाँ-आँरी फाब्र. जन्म १८२३, सँ-लेओं गावचा. पेशा मास्तरकीचा. १८७९ मध्ये सेरिन्यां इथे त्याने काटेरी, दगडाळ पडीक जमीन घेतली आणि तिथले किडे पाहत, लिहीत उरलेलं आयुष्य काढलं. १९१५ मध्ये तो गेला.

त्याचा सुरवंटांचा प्रयोग आपल्याकडे व्याख्यानांतून फिरतो, पण चुकीचा. सुरवंट कुंडीभोवती फिरत राहिले आणि उपाशी मेले, असं सांगतात. मेले नाहीत! ३० जानेवारी १८९६ रोजी, दुपारी बाराच्या सुमारास, पाइनवरचे हे सुरवंट एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढले. हे एकामागोमाग चालतात आणि वाटेवर रेशमाचा धागा सोडतात. मागचा त्या धाग्यावरून येतो. काठावर रांगेचं तोंड शेपटाला भिडलं, तसं फाब्रने खालून चढणारे बाकीचे ब्रशने झाडले आणि वर येणारे धागेही पुसून टाकले. पुढारी कोणी उरलाच नाही. कुंडीचा घेर १ मीटर ३५ सेंटिमीटर. त्याच्या हिशेबाने सुमारे ३३५ फेऱ्या झाल्या.

सुटका झाली ती थंडीमुळे. रात्री गारठून ते घोळक्याने थांबत. सकाळी रांग तुटलेली असे. मग एखादा वाट चुकून काठावरून बाजूला उतरे आणि तिकडे नवा धागा पडे. आठव्या दिवशी त्याच धाग्यांवरून उतरून सगळे घरट्यात परतले. गंमत अशी, की त्यांना वाचवलं ते त्यांच्या शिस्तीने नव्हे, गोंधळाने.

मूळ हकिगत त्याच्या दहा खंडी कीटकस्मृतींच्या सहाव्या खंडात आहे. इंग्रजी अनुवाद तेइक्सेरा द मातोस यांचा. ग्रंथालयात शोधताना पूर्ण नाव द्या. नुसतं 'फाब्र' म्हटलंत, तर कादंबरीकार फर्दिनाँ फाब्र हाती येईल.