रुतलेली गाडी काढताना

[दृश्य: पाऊस. चढाच्या पायथ्याशी ओळीने उभ्या गाड्या]

जुलैतलं मुळशी खोरं. पुण्यातल्या ऑफ-रोडिंग क्लबच्या गाड्या चढाच्या पायथ्याशी थांबल्यात. जागा खासगी आहे, मालकाला विचारून घेतलेली. वनखात्याच्या हद्दीत किंवा लावणी झालेल्या खाचरात चाक घालायचं नाही, हा इथला पहिला नियम.

[दृश्य: टायरचा व्हॉल्व्ह, गेजचा काटा उतरतोय]

आधी हवा सोडायची. रस्त्यावर 30-32 पीएसआय असते, ती 18 वर. टायर बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, पकड वाढते. साध्या रिमवर 15 च्या खाली जाऊ नये; वळताना टायर रिम सोडतो.

जुन्या मारुती जिप्सीचा चालक खाली उतरलाय. पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकांच्या मधले जोड, हाताने फिरवून लॉक केल्याशिवाय फोर-व्हीलचा लीव्हर टाकून उपयोग नाही. नवखे नेमके हेच विसरतात.

[दृश्य: तिरकी जिप्सी, दोन चाकं अधांतरी]

पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. साधा डिफरेन्शियल, म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्यालाही मिळत नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) असतात, जिप्सीला नाहीत. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहिलं आणि भिरभिरतं चाक एकदम दगडावर टेकलं, तर ॲक्सल शाफ्ट तुटतो. चालकाने पाय काढलाय. बरोबर केलं.

[दृश्य: विंचचा दोर उलगडतोय]

आता विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर. ही 9,500 पौंडांची, म्हणजे साधारण 4,300 किलो. पण हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. वर जितके थर, तितकी ओढ कमी. म्हणून दोर बराच सोडायचा, फक्त ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच वेढे राहू द्यायचे. दोराचं टोक धरणाऱ्या नुसत्या क्लॅम्पवर भार आला तर दोर सुटून येतो.

झाडाला दोर थेट गुंडाळत नाहीत, साल कापली जाते. रुंद पट्टा, बुंध्याच्या अगदी खाली. दोर आणि पट्टा जोडणारी यू आकाराची कडी म्हणजे शॅकल; तिची पिन हाताने पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायची, नाहीतर भार आल्यावर ती अडकते आणि पुढे पान्यानेही निघत नाही. गाडी फारच रुतली असेल तर मध्ये पुली: ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

दोराच्या मधोमध टाकलंय ते ओलं पोतं. दोर तुटलाच तर पोत्याच्या वजनाने तो खाली पडतो. तरीही दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि ताणलेला दोर ओलांडायचा नाही. क्लब नव्या सभासदाला चढाआधी हे शिकवतो, आणि आमच्या मते ऑफ-रोडिंगची खरी सुरुवात इथेच होते.

[दृश्य: स्पॉटर, म्हणजे बाहेरून वाट दाखवणारा, दोन्ही हात वर]

«डावीकडे घ्या दादा. अजून. सरळ करा. थांबा!»

सूचना एकाच माणसाने द्यायच्या. बाकीचे गप्प.

[दृश्य: जिप्सी बाहेर येते. आवाज फक्त इंजिनचा]

[दृश्य: ओढा ओलांडताना]

ओढ्यात आधी माणूस उतरतो, काठीने खोली बघतो. गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी), पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखी चाल. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाड्या गेल्या की ओढ्याचं पाणी गढूळ होतं, काठ उकरला जातो. परतताना चाकोऱ्या फावड्याने बुजवतात.

[दृश्य: कॉम्प्रेसर, नंतर ॲक्सलचा प्लग]

डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची; कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. ओलं ब्रेक ड्रम सुकवायला थोडं अंतर पाय हलका ठेवून ब्रेक दाबत जायचं. घरी गेल्यावर ॲक्सलचा प्लग उघडून ऑइल बघायचं. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलमध्ये हवा जाण्या-येण्याची वाट) तुंबलेला असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर लगेच बदलायचं, बेअरिंग गंजायची वाट बघायची नाही.