गजाची सावली

(पडदा काळा. मध्यभागी उजेडाचं लहानसं वर्तुळ. कॅमेरा स्थिर होतो तशी त्यात एक काळी रेघ दिसू लागते.)

हे तुम्ही बघताय ते एका एअर रायफलच्या नळीच्या आतून. भोक साडेचार मिलिमीटरचं. पलीकडे दिसतेय ती लालबागमधल्या एका गाळ्याची खिडकी, आणि ती काळी रेघ म्हणजे खिडकीचा गज. नळी सरळ असली की गजाची सावली आतल्या चकचकीत भिंतीवरून सलग धावत जाते. इथे बघा. निम्म्या वाटेवर ती तुटते आणि जराशी उजव्या अंगाला सरकते.

आम्हाला हे दिसायला दोन दिवस लागले. बंदुका दुरुस्त करणाऱ्या अण्णांना दोन मिनिटं.

(गाळा. भिंतीवर टांगलेल्या बंदुका, कानशी, एक जुना लेथ.)

दहा बाय बाराचा गाळा. चाळीचा तळमजला, वरून कुणाच्या तरी कपड्यांचं पाणी ठिबकतंय. भिंतीवर सात-आठ बंदुका. बहुतेक शाळांच्या आणि जिमखान्यांच्या. ती लाल पट्टीवाली चौपाटीवर फुगे फोडायला ठेवतात ती. सगळ्या हवेवर चालणाऱ्या. ठरावीक ताकदीच्या आतल्या या बंदुकांना परवाना लागत नाही, म्हणून त्या इथे येऊ शकतात. काडतुसाच्या रायफलला अण्णा हात लावत नाहीत.

सत्तरीला टेकलेले अण्णा मूळचे बंदूकवाले नव्हेत. ते गिरणीतले फिटर. त्रासन खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जायचं तिथे, त्यांनी आठ वर्षं स्पिंडल सरळ केले. स्पिंडल म्हणजे बॉबिन जिच्यावर फिरते ती पोलादी काडी. मिनिटाला हजारो फेरे घेणारी. ती केसभर वाकली तरी थरथरते, आणि थरथरली की धागा तुटतो. धागा तुटला की जाबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडतो. अण्णा स्पिंडल काचेवर लोळवायचे, टोक कुठे नाचतंय ते बघायचे आणि पितळी हातोडीची एक टिचकी द्यायचे. एका पाळीत शंभरावर काड्या. ‘डोळ्यांत माप बसलं की ते जात नाही,’ असं म्हणताना ते हात पुसतात तेवढाच त्यांचा स्वतःबद्दलचा शॉट आमच्याकडे आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, पुढे डॉक्टर दत्ता सामंत. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. अण्णांची गिरणी होती तिथे आता काचेचा टॉवर आहे.

(शाळेचा हॉल. वाळूच्या पिशवीवर टेकवलेली रायफल. शाळेच्या गणवेशातली मुलगी.)

ही बंदूक एका शाळेच्या रायफल क्लबची. जुन्या धाटणीची, मधून मोडायची: नळी खाली खेचली की आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा बसवायचा, नळी पुन्हा वर. म्हणजे नळी हीच तरफ, आणि नेम धरायचा तोही तिच्यावरच भरवसा ठेवून. मुंबईत अशी एखादी उसनी बंदूक हातात आल्याशिवाय सहसा कुणी नेमबाज होत नाही. अंजली भागवतही एनसीसीतून आल्या, वरळीच्या रेंजवर घडल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. सामन्यांची नवी रायफल काही लाखांत जाते. ‘दुरुस्तीत कशाला पडता, नवीन घ्या’ सांगणारे फोनवर लगेच भेटतात. पैसे कोण देणार ते सांगत नाहीत.

क्लब बघणाऱ्या सरांची तक्रार एका वाक्याची होती: छर्रे उजवीकडे जातात.

अण्णांनी आधी बंदूक बघितलीच नाही, पुठ्ठा मागितला. पिशवीवर टेकवून, एकाच डबीतले पाच छर्रे, दहा मीटरवरून. एनसीसीवाले ज्याला ग्रुपिंग म्हणतात ते. हा पुठ्ठा नीट बघा, सगळं निदान यावर आहे. पाचही भोकं एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून दीड सेंटिमीटर उजवीकडे, काळ्या वर्तुळाच्या कडेवर. भोकं विखुरलेली असती तर सैल स्क्रू, ढिली खीळ, खराब छर्रे, दहा कारणं निघाली असती. ‘ही बंदूक खोटं बोलते,’ अण्णा म्हणाले, ‘पण दर वेळी तेच खोटं बोलते.’

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दीड सेंटिमीटर म्हणजे त्या हिशोबात दुसरं गाव.

आणि खरी चूक त्याहून मोठी निघाली. मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, खटका कुणीतरी डावीकडे शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. चूक झाकायला. खटक्याची धाव संपली, तरी दीड सेंटिमीटर उरलाच.

(क्लोज-अप: अण्णांची बोटं. निवेदन सावकाश.)

आता एकेक शंका काढून टाकायची. बंदूक रिकामी आहे याची खात्री. मग नळीचं टोक धरून हलवून बघितलं: बिजागरीत खेळ नाही. लाकडाचे स्क्रू घट्ट. मग कानात घालायची कापसाची काडी नळीच्या तोंडावरून गोल फिरवली. तोंडाला खरवड असती तर कापसाचा एखादा तंतू अडकला असता. अडकला नाही. मग बिजागरीची खीळ काढून नळी सुटी केली, खिडकीकडे धरली, आणि तुम्ही सुरुवातीला बघितलीत ती तुटकी सावली दिसली.

खात्रीसाठी नळी दोन व्ही ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून मध्यावर डायल लावला, वाकडेपणा सुईने दाखवणारा. एका फेरीत सुई एक मिलिमीटरच्या जवळपास फिरते. पण अण्णांचा डायलवर पूर्ण विश्वास नाही. डायल बाहेरचं कातडं मोजतो आणि छर्रा जातो आतून. म्हणून दर वेळी खिडकी.

नळी कशी वाकली याचं चित्रण आमच्याकडे नाही. शाळेत तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. नळी उघडी असताना चाप ओढला गेला, तर ती वर आपटते आणि वरच्या बाजूला वाकते. ही बाजूला वाकली आहे. म्हणजे पडली असावी, किंवा कपाटाच्या दारात सापडली असावी.

(हातप्रेस. बाभळीचे दोन ठोकळे, तांब्याची पट्टी. खडूची खूण.)

दोन्ही टोकांना लाकूड, मधल्या खुणेवर तांबं, वरून प्रेसचा स्क्रू. दाब दिला, सोडला. सुई होती तिथेच. पोलाद काही हद्दीपर्यंत वाकतं आणि मुकाट्याने परत येतं. त्या हद्दीपलीकडे न्यायचं, पण किती, ते प्रत्येक नळी वेगळं सांगते. पुन्हा दाब, थोडा जास्त. खिडकी. पुन्हा. खिडकी.

(निवेदन नाही. फक्त प्रेसचा आवाज आणि वरच्या मजल्यावरचा रेडिओ.)

चौथ्या दाबाला ती पलीकडे गेली. सावली आता डावीकडे तुटते. अण्णा काही बोलले नाहीत, नळी उलटी फिरवली आणि हलकासा एक दाब दिला. एवढं काम सव्वा तासाचं. तुम्हाला आम्ही तीन मिनिटांत दाखवतोय.

(पुन्हा उजेडाचं वर्तुळ. गजाची सावली सलग.)

(शाळेचा हॉल.)

दुरुस्तीनंतरचे पहिले तीन छर्रे. सगळ्यांचे चेहरे बघा. दीड सेंटिमीटर डावीकडे. सर कपाळाला हात लावतात.

अण्णा हसतायत, कारण हेच व्हायला हवं होतं. नळी सरळ झाली, पण साइटचा खटका अजून जुन्या चुकीच्या बाजूने वळवलेला आहे. दहा मीटरवर वाकडेपणा तीन सेंटिमीटरचा होता. अर्धा खटक्याने झाकलेला, अर्धा पुठ्ठ्यावर दिसणारा. नळीच्या तोंडाशी मोजाल तर जेमतेम एक मिलिमीटर. खटका मधोमध आणला आणि पुढचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, मध्यावर.

मुलीने पिशवी बाजूला सारली आणि उभं राहून रायफल खांद्याला लावली. तिचे छर्रे अजून थोडे डावीकडे पडतायत. चार महिने ती नेमच डावीकडे धरत आली. याच बंदुकीवर तिने निवड फेरी दिली होती. यादीत तिचं नाव आलं नाही.

‘बाय, आता मधे बघ,’ अण्णा म्हणतात. ‘सरळ आहे ती.’

(मुलीचा चेहरा. श्वास. छर्ऱ्याचा आवाज. निवेदन नाही.)

(गाळा, संध्याकाळ. लाल पट्टीवाली बंदूक टेबलावर.)

चौपाटीचा फुगेवाला आपली बंदूक न्यायला आलाय. स्प्रिंग बदलून झाली. अण्णांनी सवयीने नळी खिडकीकडे धरली आणि त्याच्याकडे बघितलं.

‘हीपण सरळ करून देऊ?’

‘नको अण्णा,’ तो घाईघाईने म्हणाला, ‘स्प्रिंगचेच किती झाले ते सांगा.’