ठिणगी नेमकी कुठे?

(पडद्यावर: कागदी काडतुसाचा उभा छेद)

काडतुसात गोळी, दारू आणि ठोका बसताच पेटणारा चिमूटभर मसाला. एकोणिसाव्या शतकातल्या बंदूककारांचा घोळ झाला तो या मसाल्याच्या जागेवरून. तोंडाकडून भरायच्या ठासणीच्या बंदुकीत तो बाहेरच असे, तांब्याच्या टोपीत. टोपी वेगळी, काडतूस वेगळं.

जर्मन बंदूककार योहान निकोलाउस ड्रायझेने तो काडतुसात घेतला, पण थेट दारूच्या पुढे. १८४१ साली प्रशिया या जर्मन राज्याने स्वीकारलेल्या त्याच्या बंदुकीची नळी आतून १५.४३ मिलिमीटर रुंद, गोळी मात्र १३.६ची. मधली फट कागदी लगद्याची वाटी भरून काढायची. नळीतले पेचदार आटे पकडायचे ते या वाटीला, गोळीला नाही. मसाला वाटीच्या बुडाशी. चाप ओढला की लांब सुई कागद भोसकून, सगळी दारू ओलांडून त्याला टोचायची.

(सुईचे जवळून दृश्य)

म्हणजे बार उडताना सुई जाळातच. दर बाराला. तापून, काजळी धरून, गंजून ती शेवटी मोडायची. म्हणून शिपायाजवळ जास्तीच्या सुया असत. ही बंदूक मागून भरायची, आणि तिथला सांधाही धातूवर धातू टेकवलेला. तो झिजला की गरम वायू तोंडावर यायचा, आणि तोंड चुकवणाऱ्याचा नेम कसला लागणार?

तरीही ३ जुलै १८६६ला कोनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाविरुद्ध प्रशिया जिंकली. ऑस्ट्रियन शिपायाला ठासायला उभं राहावं लागे. प्रशियन पडल्या पडल्या भरत होता. बंदुकीपुरतं बोलायचं, तर हे श्रेय मागून भरण्याच्या सोयीचं. सुईला ते उगाच मिळालं.

त्याच वर्षी फ्रान्सने घेतलेल्या ११ मिलिमीटरच्या शास्पो बंदुकीत मसाला काडतुसाच्या बुडाशी आला. सुई आखूड झाली, सांध्यात रबराची चकती बसली. आता सुईबरोबर चकतीही बदलत राहायची, कारण रबर जळायचं.

फ्रेंच बंदूककार लफोशेच्या काडतुसाची तऱ्हा आणखी निराळी. आतल्या टोपीवर टेकलेली पिन कुशीतून बाहेर डोकावायची आणि घोडा तिच्यावर पडायचा. भरताना पिन खाचेतच बसवायची, अंधारातसुद्धा. सुटं काडतूस पिनेवर आपटलं तर बार व्हायची भीती. एवढं असूनही फ्रेंच नौदलाने १८५८ साली या काडतुसाचं १२ मिलिमीटरचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

(पितळी काडतूस)

पितळेचं कवच बार होताना फुगतं आणि मागची फट स्वतःच बंद करतं. टोपी बुडाच्या मध्यभागी, ठोका बाहेरून. १८७४च्या ग्रा या पितळी काडतुसाच्या फ्रेंच बंदुकीनंतर शास्पोच्या असंख्य बंदुका या काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या. सुईच्या जागी जाड, आखूड खीळ आली, आणि रबराची चकती गेली.