पाण्यावरून ठेवलेली नावं

कॅनडातली ही सेंट मॉरिस नदी. इथे ती सेंट लॉरेन्स या मोठ्या नदीला मिळते. संगमाच्या तोंडाशीच बेटं आहेत, त्यामुळे शेवटी शेवटी तिचे तीन फाटे होतात. सेंट लॉरेन्सवरून वर येणाऱ्या फ्रेंचांना ती तीन तोंडं दिसली. १६३४ साली त्यांनी इथे वसाहत केली. तिचं नाव त्र्वा-रिव्हिएर, म्हणजे तीन नद्या.

नदी खरं तर एकच! मला हे नाव फार मोलाचं वाटतं. ते ठेवणारा माणूस कुठे होता, हेही त्यातून कळतं. तो होडीत होता.

सेंट लॉरेन्सच्याच पाण्यावर १६०८ साली क्वेबेक वसलं. अल्गोंक्विन भाषेत त्याचा अर्थ, नदीचं पात्र अरुंद होतं ती जागा. तिथल्या लोकांनी आधीच नेमकं हेरलेलं होतं. फ्रेंचांनी शब्द तसाच उचलला. आणखी वर माँट्रियल. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्त्येनं १५३५ मध्ये तिथल्या डोंगराला ‘माँ रॉयाल’ म्हटलं. पुढे १६४२ साली वसाहत झाली ती मात्र ‘व्हिल-मारी’, मेरीचं नगर. ते नाव मागे पडलं, डोंगराचं टिकलं.

आता दक्षिणेला, बॉस्टनला. चारी बाजूंनी जवळजवळ पाणी, मध्ये तीन माथ्यांचा उंचवटा. मूळ रहिवाशांसाठी हे शॉमट होतं. नदीपलीकडे चार्ल्सटाउनला उतरलेल्या इंग्रजांना समोर ते तीन माथे दिसत. ते म्हणू लागले, ट्रायमाउंटन. चार्ल्सटाउनला चांगल्या पाण्याची टंचाई होती, शॉमटला गोड्या पाण्याचा झरा होता. माणसं इकडे सरकली. सप्टेंबर १६३० मध्ये गावाला इंग्लंडमधल्या बॉस्टनचं नाव मिळालं.

मधल्या माथ्यावर इशाऱ्याच्या जाळासाठी खांब उभारला गेला, म्हणून तो बीकन हिल. पुढे एकोणिसाव्या शतकात शहराला जमीन हवी झाली. बीकन हिलचा माथा खणून काढला आणि ती माती जवळच्या गिरणीच्या तळ्यात भरली. बाकीचे दोन माथेही सपाट झाले. हे सगळं माणसांनी, फावड्यांनी आणि गाड्यांनी केलं.

आज बॉस्टनच्या भर वस्तीतून एक रस्ता जातो. पाटीवर लिहिलंय, ट्रेमाँट स्ट्रीट. तिथे उभं राहून तीन माथे शोधले, तर हाती लागतो एकच. तोही ठेंगणा झालेला.