अपलोडचं बटण: एमीवे बंटाय आणि डिसचा हिशेब

[दृश्य: रात्र. दहा बाय बाराची खोली. कपाटाची दोन्ही दारं उघडी, त्यांवर गोधड्या टाकलेल्या. मधोमध माइक. पंखा बंद.]

निवेदन:

90 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांच्या, बीटवर 16 बार (चार ठोक्यांचा एक बार) म्हणजे साधारण 43 सेकंद. एवढ्या वेळात समोरच्याचं नाव घ्यायचं, त्याचीच एखादी जुनी ओळ त्याच्यावर उलटवायची, आणि शेवटच्या बारच्या चौथ्या ठोक्यावर असा शब्द आणून ठेवायचा की ऐकणाऱ्यानं गाणं मागे नेऊन पुन्हा लावलंच पाहिजे. बीट 140 ची असेल तर हेच काम साडेसत्तावीस सेकंदांत उरकायचं. याला म्हणतात डिस.

आपल्या कानांना हे परकं वाटू नये. कलगी आणि तुरा, शाहिरांचे दोन पक्ष. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जबाब द्यायचा, आणि जबाब सुचला नाही तर भर फडात मान खाली घालायची. कोकणातला शक्ती-तुरा आजही मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून रंगतो. मात्र शाहिराचा प्रतिस्पर्धी त्याच रात्री, त्याच मंचावर उभा असतो. रॅपरला तो गाठायचा असतो यूट्यूबवर, आणि तिथं उशीर झाला की लोक म्हणतात, हा घाबरला.

[दृश्य: मुंबईचा नाका, मोबाइलवर डोकं घातलेली पोरं.]

निवेदन:

मुंबईचा रॅपर एमीवे बंटाय या खेळातला नीट अभ्यासण्यासारखा गडी. खरं नाव बिलाल शेख. एमिनेम आणि लिल वेन या दोन अमेरिकी रॅपरांची नावं जोडून ‘एमीवे’ झालं. ‘बंटाय’ हा इथल्या नाक्यावरचा शब्द, भिडू, दोस्त या अर्थाचा. 2013 मधलं पहिलं गाणं, ‘ग्लिंट लॉक’, इंग्रजीत होतं. हिंदीत कर, लोकांपर्यंत पोचेल, हा सल्ला वडिलांचा. 2014 मध्ये ‘और बंटाय’ आलं. गाण्यांचा खर्च निघत होता हार्ड रॉक कॅफेतल्या नोकरीतून.

त्याच वर्षी कुर्ल्याचा रॅपर नेझी यानं ‘आफत’ आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि आयपॅडवरच शूट केलं. 2015 मध्ये मुंबईचाच रॅपर डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ सोनी म्युझिककडून आलं. वाटा फुटल्या त्या इथं. काहींना कंपनी मिळाली. एमीवे आपल्याच चॅनेलवर आपलीच गाणी टाकत राहिला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि वायफाय शोधत फिरणारा श्रोता बसमध्ये, लोकलमध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर गाणी बघू लागला. कंपनीविना उभ्या असलेल्यांना याचा फायदा सगळ्यात जास्त झाला, कारण टीव्ही आणि रेडिओची दारं त्यांच्यासाठी तशीही बंदच होती.

स्वतंत्र, म्हणजे इंडिपेंडंट, या शब्दाला आपल्याकडे उगाच झगमगाट आलाय. त्याचा व्यवहारातला अर्थ कोरडा आहे. गाण्याचं मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रणाची मालकी, कलाकाराकडे. खर्च कलाकाराचा. तोटाही त्याचाच. आणि अपलोडचं बटण त्याच्या हातात. भांडणात कामाला येतं ते हे शेवटचं. कंपनीत गाणं आधी मॅनेजरकडे जातं, मग मार्केटिंगकडे, मग वकिलाकडे, आणि वकील म्हणतो की हे नाव काढा. तोपर्यंत समोरच्याचं दुसरं गाणं आलेलं असतं.

[दृश्य: माइक जवळून. जाळीच्या पॉप फिल्टरवर बोटांनी केलेली टकटक.]

निवेदन:

खोलीत परत येऊ. डिस ट्रॅकला लागणारं सामान फार नाही. एक कंडेन्सर माइक, त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर देणारा ऑडिओ इंटरफेस, बंदिस्त हेडफोन, पॉप फिल्टर आणि लॅपटॉप. तोंड माइकपासून एक वीत. त्याहून जवळ गेलं की आवाजाचा खालचा भाग फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ हे माइकवर फुंकर मारतात. शिव्यांमध्ये नेमके हेच वर्ण भरपूर, त्यामुळे पॉप फिल्टर विसरणाऱ्याची सगळ्यात तिखट ओळच वाया जाते.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, असा लावायचा की सगळ्यात मोठ्या आवाजालाही मीटर उणे 10 ते उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज थोडा खाली राहिला म्हणून काही बिघडत नाही. वर जाऊन फाटला तर मात्र तो कुणालाच दुरुस्त करता येत नाही. नवखे इथंच चुकतात: तालमीत हळू म्हणून बघतात, त्यावर गेन लावतात, आणि खऱ्या टेकला रागानं ओरडतात. म्हणून गेन लावताना वर्समधली (कडव्यातली) सगळ्यात चढलेली ओळ पूर्ण ताकदीनं म्हणायची.

गोधडी का? कारण रिकाम्या भिंतींवरून परतलेला आवाज माइकमध्ये शिरतो, आणि एकदा शिरला की मिक्सिंगमध्ये निघत नाही. जाड गोधडी चिरक्या वरच्या पट्टीचा प्रतिध्वनी बऱ्यापैकी खाते. खालच्या पट्टीची घुमघुम ती खात नाही, त्यासाठी खोलीच्या अगदी कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून उभं राहायचं टाळायचं.

मग टेक. मुख्य आवाज एका दमात. दमात म्हणजे खरंच दमात: एका बारमध्ये 10 ते 14 अक्षरं बसवली तर श्वासाला जागा राहते, 20 च्या वर गेलात तर श्वास कुठं घ्यायचा हे लिहितानाच ठरवावं लागतं. मुख्य आवाजावर डबल, म्हणजे पंच (टोला) पडतो ते शब्द पुन्हा वेगळे म्हणून त्याच जागी बसवायचे. शेवटी अॅडलिब, मागून येणारे हुंकार आणि आरोळ्या. मिक्समध्ये 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापायचं, मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणायला कॉम्प्रेसर लावायचा, ‘स’ आणि ‘श’ची धार डी-एसरनं बोथट करायची. मास्टर कितीही ठासून भरला तरी यूट्यूब उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) वरचा आवाज स्वतःहून खाली आणतं, त्यामुळे सगळं ठोकून सपाट करण्यात काही हशील नाही. बेसमुळे शब्द ऐकू आले नाहीत, तर तो डिस नव्हे, वरातीचा डीजे.

[दृश्य: काळा पडदा. त्यावर आकडा: 2018.]

निवेदन:

2017 मध्ये एमीवे आणि रफ्तार यांनी एकत्र गाणं केलं होतं. रफ्तार, म्हणजे दिलिन नायर, तोवर दिल्लीकडचं मोठं नाव, मोठ्या म्युझिक कंपन्यांबरोबर काम केलेलं. पुढच्या वर्षी ठिणगी पडली ती एमीवेच्या कमाईबद्दल रफ्तारनं मुलाखतीत केलेल्या शेऱ्यावरून. हे लक्षात घेण्यासारखं आहे. भांडण ना गल्लीवरून, ना पोरीवरून, ना कोण चांगलं लिहितो यावरून. या धंद्यात कंपनीशिवाय पैसा सुटतो का, यावरून.

2018 च्या उत्तरार्धात एमीवेचं ‘समझ में आया क्या’ आलं. त्यात निशाण्यावर रफ्तारबरोबर डिव्हाइनही होता, आणखी काही जणही होते. रफ्तारचं उत्तर ‘शेख चिल्ली’. आडनावावर कोटी आणि हवेत महाल बांधणारा म्हणून टोमणा, दोन्ही एका नावात. एमीवेचं प्रत्युत्तर ‘गिरफ्तार’, ज्यात ‘रफ्तार’ आख्खाच्या आख्खा अडकलेला. नावं ठेवण्याच्या या कामात दोघंही तयारीचे होते, हे मान्य करायलाच हवं. आणि हे सगळं घडलं काही आठवड्यांत. ज्या पोरांनी आयुष्यात रॅप ऐकलं नव्हतं, तीही बाजू घेऊन भांडू लागली.

पण व्ह्यूज म्हणजे पैसे नव्हेत. 2018 च्या सुरुवातीलाच यूट्यूबनं नियम कडक केला होता: 12 महिन्यांत 4000 तासांचं वॉचटाइम आणि 1000 सबस्क्रायबर असल्याशिवाय जाहिरातींचा वाटा नाही. तो वाटा मिळाला की जाहिरात उत्पन्नातले 55 टक्के चॅनेलवाल्याचे. मात्र गाण्यात शिव्या असल्या की पिवळं चिन्ह लागतं, म्हणजे मोजक्याच जाहिराती. गाणं एज-रिस्ट्रिक्टेड, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, झालं तर उरलंसुरलंही जातं, आणि कुणाला सुचवलं जाणंही घटतं. थोडक्यात, डिस ट्रॅक गर्दी जमवतो आणि गल्ला मात्र अर्धा रिकामा ठेवतो. शिवाय शिवीपेक्षा आरोप महाग पडतो. एखाद्यानं चोरी केली, पैसे बुडवले असं ठाम विधान बारमध्ये घातलं तर बदनामीचं कलम आहेच, भारतीय न्याय संहितेत 356. जुने जाणते म्हणून समोरच्याच्या फ्लोची (म्हणण्याच्या लयीची), कपड्यांची, उच्चारांची टर उडवतात आणि हिशेबाच्या गोष्टी मोघम ठेवतात.

मग कमाई कुठून? पुढच्या गाण्यातून. एमीवेचा सगळ्यात शहाणा डाव मला, निवेदकाला, इथं दिसतो. भांडणानं जमवलेली गर्दी पांगायच्या आत, 2019 मध्ये, त्यानं ‘मचाएंगे’ आणलं. शिवी नाही, नाव नाही, हलकं, नाचतं, प्रेमाचं. घरात आईसमोर लावता येईल असं. त्याचे व्ह्यूज कोट्यवधींत गेले. त्याच वर्षी एमटीव्ही युरोप म्युझिक अवॉर्ड्समध्ये ‘बेस्ट इंडिया अॅक्ट’ त्याला मिळालं. मुलाखतीतल्या शेऱ्याचं खरं उत्तर ‘गिरफ्तार’ नव्हतं, हे होतं.

[दृश्य: सर्च बॉक्स. बोटं टाइप करतात: म, चा, एं, गे.]

निवेदन:

‘मचाएंगे’ची पुढं मालिका झाली, आणि तिथंच दुसऱ्यानं सुरुंग लावला. दिल्लीचा रॅपर कृष्णा, नावातल्या ‘एस’च्या जागी डॉलरचं चिन्ह लावणारा, तेव्हा रफ्तारच्या कलमकार लेबलशी जोडलेला. 2021 मध्ये त्यानं एमीवेवर डिस काढला आणि नाव दिलं ‘मचाएंगे 4’. समोरच्याच्या मालिकेचा पुढचा नंबर आपणच बळकावायचा. परिणाम साधा: एमीवेचे चाहते नवा भाग आला का म्हणून शोधणार, आणि समोर येणार त्याच्यावरचा डिस. गाण्याच्या शीर्षकावर सहसा कॉपीराइट लागत नाही, त्यामुळे तक्रार करायलाही फारशी जागा नाही. बारमधले पंच लोक विसरतील, हा पंच सर्चमध्ये राहिला.

त्याच वर्षी एमीवेनं ‘बंटाय रेकॉर्ड्स’ काढली आणि इतर रॅपर तिच्यात घेतले. कंपनी नको म्हणत उभा राहिलेला माणूस स्वतःच लेबल झाला. यात विसंगती आहे का? थोडी आहे. पुण्यातल्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन यानं तर तिसरीच वाट घेतली, फेब्रुवारी 2023 मध्ये ‘बिग बॉस’ जिंकून तो अशा घरांत पोचला जिथं रॅप कधी वाजलं नव्हतं.

[दृश्य: टेबलावर कागद. दोन सह्या, एक टक्केवारी.]

निवेदन:

आता कागद, कारण बहुतेकांचं गाडं इथं अडतं. नेटवर मिळणारी बीट बहुतेक वेळा भाड्याची, म्हणजे लीजची असते. तीच बीट शंभर जणांकडे असू शकते. करारात ठरावीक स्ट्रीमची मर्यादा असते, ती ओलांडली की नवा परवाना घ्यावा लागतो. गाणं चाललं आणि मग बीटमेकरला फोन केला, तर भाव त्याचा. म्हणून जी बीट गाजण्याची शक्यता आहे ती आधीच एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यासाठी, घ्यावी, किंवा बीटमेकरशी वाट्याचा कागद करावा: शब्दांचे इतके टक्के, संगीताचे इतके. रॅपर स्वतःचे शब्द लिहितो, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो गीतकार. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुणाला विकून टाकता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पण त्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद होऊन गाणी तिथं नोंदवावी लागतात. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे घरी चालत येत नाहीत.

डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग अॅपवर पोचवणाऱ्याकडे, गाणं देताना प्रत्येक ट्रॅकला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, लागतो. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं ठेवायचं तर ते रिलीजच्या निदान 7 दिवस आधी. डिसला एवढा धीर कुठला? म्हणून डिस आधी यूट्यूबवर येतो, बाकी ठिकाणी मागून.

आणि सगळ्यात मजेशीर खड्डा. समोरच्याच्याच बीटवर उत्तर देणं ही हिप-हॉपमधली जुनी मर्दुमकी, त्याच्या घरात शिरून त्याला हाणल्यासारखी. यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे आवाज जुळवून मालक शोधणारी यंत्रणा, मात्र मर्दुमकी ओळखत नाही. त्याला फक्त बीट ओळखू येते. क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, लागतो, आणि बीटची मालकी समोरच्याकडे असेल तर तुमच्या डिसच्या जाहिरातींचे पैसे त्याच्या खात्यात वळतात. त्याला वाटलं तर तो व्हिडिओ ब्लॉकही करतो. हरकत घेता येते. पहिल्या 5 दिवसांत घेतली तर क्लेमच्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूब बाजूला धरून ठेवतं. त्यानंतर क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात.

[दृश्य: खोली. गोधड्या उतरवून घडी घातल्या जातात. स्क्रीनवर पिवळं चिन्ह तसंच.]

निवेदन:

30 दिवसांत बीफ, म्हणजे रॅपरांचं भांडण, शिळं होतं. समोरच्याचं पुढचं गाणं येऊन गेलेलं असतं, दुसऱ्या बीटवर.